सोन्याची, टायटॅनियमची की स्टीलची? निब घेताना पैसे नेमके कशाचे मोजता

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारे रोज दोन-तीन पानं लिहितात, बहुतेक मराठीत आणि थोडं इंग्रजीत. हाताशी एक लॅमी सफारी आहे आणि एक देशी एबोनाइटचं (कडक केलेल्या रबराचं) पेन, दोन्ही स्टीलच्या निबेची. आता पंधरा-वीस हजारांत ‘आयुष्यभर पुरेल’ असं एक पेन घ्यायचं आहे. दुकानदार म्हणतो सोन्याची निब घ्या, मित्र म्हणतो टायटॅनियम घ्या, आणि घरचे म्हणतात आहे त्यात काय वाईट आहे. सोबत त्यांनी दोन गोष्टी कळवल्या आहेत: हात जरा जड आहे, आणि सफारी ओळीच्या सुरुवातीला अधूनमधून कोरडी जाते.

आधी उत्तर देतो, कारणं मागून. तुमच्या हाताला टायटॅनियम नको. सोनं घ्यायला हरकत नाही, पण ते घेतल्याने अक्षर सुधारेल किंवा पेन कोरडं जायचं थांबेल, असं समजून घेऊ नका. आणि सर्वांत आधी त्या सफारीची निब दुरुस्त करून घ्या किंवा बदला. त्याला फार थोडा खर्च येतो, आणि ते केल्याशिवाय तुम्हाला स्टीलची निब खरी कशी चालते हेच कळलेलं नाही.

निबा जुळवण्या-घासण्याच्या कामात बरीच वर्षं गेल्यावर माझं एक मत पक्कं झालं आहे. निबेच्या धातूवर जितकी चर्चा होते, तितका त्याचा लिहिण्याशी संबंध नसतो. कागदाला सोनं टेकत नाही, टायटॅनियमही टेकत नाही आणि स्टीलही नाही. कागदाला टेकतो तो टोकावर जोडलेला कठीण धातूचा बारीक दाणा. तिन्ही प्रकारच्या निबांना तो असतो, आणि तो साधारण एकाच जातीच्या मिश्रधातूंचा असतो: ऑस्मियम, रुथेनियम, रेनियम, टंगस्टन वगैरे. त्याला अजूनही सगळे ‘इरिडियम’ म्हणतात. १८३४च्या सुमारास जॉन आयझॅक हॉकिन्सने सोन्याच्या निबेला ऑस्मियम-इरिडियमचं टोक लावलं तेव्हापासून ते नाव चिकटलं आहे. आजच्या दाण्यात इरिडियम नावालाच असतं, बहुधा नसतंच. त्यामुळे निबेवर ‘इरिडियम पॉइंट’ कोरलेलं पाहून कुणी भाव वाढवून सांगत असेल तर तिकडे लक्ष देऊ नका.

मग ‘सोन्याची निब लोण्यासारखी चालते’ हे येतं कुठून? तर महाग पेनाच्या टोकावर जास्त मेहनत घेतलेली असते म्हणून. दाणा नीट गोल केलेला, दोन्ही पाती (चिरेने झालेले निबेचे दोन भाग) एका पातळीत, मधली चीर टोकाकडे हळूहळू निमुळती. हीच मेहनत स्टीलच्या निबेवर घेतली तर डोळे मिटून लिहिताना फरक ओळखता येत नाही. मी हे लोकांना करायला लावतो. सोन्याची म्हणून नेमकी स्टीलची निब उचलणारे खूप निघतात.

सोनं निबेत आलं ते मऊपणासाठी नव्हेच. आलं ते गंजू नये म्हणून. पूर्वीची निळी-काळी शाई म्हणजे लोखंडाचा क्षार, मायफळाचा अर्क आणि वर आम्ल. आपल्या आजोबांच्या पिढीने टाक आणि दौत वापरली. त्या टाकाच्या पोलादी निबा लिहून पुसल्या नाहीत तर गंजायच्या आणि फेकाव्या लागायच्या. टाकात ते चालून जायचं, कारण निब पैशा-दोन पैशाची. पण वॉटरमनने १८८४ साली फाउंटन पेनाचं पेटंट घेतलं आणि शाई पेनाच्या पोटात राहायला लागली, तेव्हा निब चोवीस तास त्याच आम्लात भिजू लागली. त्यात टिकणारा आणि पत्र्यासारखा घडवता येणारा धातू म्हणजे सोनं. शेफिल्डच्या हॅरी ब्रिअर्लीचं न गंजणारं पोलाद आलं १९१३ साली, म्हणजे फाउंटन पेनाचा जम बसल्यानंतर. तोपर्यंत ‘चांगलं पेन म्हणजे सोन्याची निब’ हे समीकरण लोकांच्या डोक्यात बसलेलं होतं. पुढे दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास जर्मनीत निबांसाठी सोनं वापरण्यावर बंधनं आली, तेव्हा पेलिकनने क्रोम-निकेलच्या पोलादी निबा काढल्या. ‘सीएन’ असा शिक्का असलेल्या त्या निबा आजही जुन्या पेनांत मिळतात, आणि नीट राखलेल्या असल्या तर झकास लिहितात.

आपल्याकडेही सोन्याच्या निबेला मान होताच. राजमहेंद्रीच्या के. व्ही. रत्नम यांचं पेन ग्रामोद्योग संघाच्या कुमारप्पांमार्फत गांधीजींपर्यंत पोचलं आणि १९३५ साली गांधीजींनी वर्ध्याहून त्याची पावती देणारं पत्र लिहिलं, ही गोष्ट पेनवाल्यांच्या वर्तुळात सगळ्यांना पाठ आहे. पण शाळेत आपण ज्यांनी लिहायला शिकलो ती सगळी पेनं स्टीलच्या निबेची होती. कॅमलची शाई, गळणारं पेन, निळं झालेलं मधलं बोट. त्या निबा खरखरायच्या त्या स्टीलच्या होत्या म्हणून नव्हे. स्वस्तात काढलेल्या आणि कुणी न तपासलेल्या होत्या म्हणून. स्टीलची बदनामी तिथून सुरू झाली.

आता मऊपणा, लवचीकपणा. इथे धातूचा संबंध आहे, पण लोक समजतात तेवढा नाही. पत्रा वाकायला किती जोर लागतो याचं एक माप असतं. पोलादाचं सुमारे २०० गिगापास्कल, टायटॅनियमचं सुमारे ११०, शुद्ध सोन्याचं ८०च्या आत-बाहेर. म्हणजे एकाच आकाराच्या, एकाच जाडीच्या निबा केल्या तर पोलादाची सर्वांत ताठ. इथवर दुकानदाराचं बरोबर. पण ताठपणा जाडीच्या घनाने वाढतो. पत्रा २० टक्के जाड केला की ताठपणा जवळपास पावणेदोन पट होतो. म्हणजे धातूने दिलेला फायदा जाडी सहज खाऊन टाकते. शिवाय पाती किती लांब आहेत, खांदे किती रुंद आहेत, निब किती गोलवली आहे, हे सगळं त्यात मिसळतं.

याचा पुरावा एकाच कंपनीच्या पेटीत मिळतो. पायलट तेच १४ कॅरटचं सोनं वापरून एफ (फाइन, म्हणजे बारीक) निब काढते, एसएफ म्हणजे मऊ एफ काढते आणि एफए काढते. पहिली बऱ्यापैकी ताठ. दुसरी दाबलं की जराशी उघडते. तिसरीच्या खांद्यांना दोन्ही बाजूंनी खाच दिलेली असते, आणि ती इतकी लवते की जड हाताच्या माणसाने तिच्यापासून चार हात लांबच राहावं. तिन्हींचं सोनं एकच. उलट पार्करचं १९४१चं ‘५१’ घ्या. त्याची निब बहुतेक वेळा १४ कॅरट सोन्याची, पण लिहायला खिळ्यासारखी ताठ. आणि सगळ्यांत लवचीक निब बघायची असेल तर जपानी कॉमिक काढणारे वापरतात ती टाकाची जी-निब बघा. केसाएवढ्या रेघेपासून जाड रेघेपर्यंत जाते, आणि ती साधी पोलादाची आहे.

कॅरटच्या आकड्यालाही भुलू नका. १४ कॅरट म्हणजे ५८.५ टक्के सोनं, बाकी बहुतेक चांदी आणि तांबं. १८ म्हणजे ७५ टक्के. सेलर २१ कॅरट वापरते, ते ८७.५ टक्के. दागिन्यात जास्त कॅरट म्हणजे जास्त किंमत हे ठीक, पण निबेत १४ कॅरटची मिसळ जास्त उसळी देते, कारण तांबं-चांदीमुळे ती कणखर होते. सोनं जसं शुद्ध होत जातं तशी निब वाकलेलीच राहायला लागते. म्हणून जास्त कॅरटच्या निबा बऱ्याचदा मुद्दाम ताठ घडवतात. सेलरची २१ कॅरटची निब हातात घेऊन पाहा: लिहायला सुंदर, पण लवत नाही. युरोपात १८ कॅरट इतकं दिसतं त्यामागे कायद्याचाही हात आहे. फ्रान्समध्ये कितीतरी काळ १८ कॅरटच्या खालच्या धातूला सोनं म्हणून विकता येत नसे. तिथे पेन विकायचं तर १८ कॅरट करा, एवढंच.

आता टायटॅनियम, कारण तुमच्या मित्राने त्याचा आग्रह धरला आहे. आणि मित्राची चूक नाही, त्याला ती आवडली असेल. मलाही आवडते. पण ती हौसेची निब आहे.

पहिला मोठा प्रयोग पार्करचा. १९७०चं टी-१. चांद्रमोहिमेचे दिवस होते आणि अवकाशयानांतला धातू म्हणून टायटॅनियमची हवा होती. अख्खं पेन टायटॅनियमचं, निबसुद्धा पेनाच्याच अंगातून निघालेली, आणि खाली एक बारीक स्क्रू, तो फिरवून रेघ जाड-बारीक करायची. वर्षभरातच ते बंद झालं, कारण हा धातू घडवायला महाग आणि हट्टी. तापवला की हवेतला ऑक्सिजन ओढून घेतो आणि ठिसूळ होतो, त्यामुळे टोकावर दाणा जोडणं हेच जिकिरीचं. आज बाजारात बहुतेक टायटॅनियम निबा हायडेलबर्गच्या बॉकच्या असतात. छोट्या पेनकारांच्या यादीत दिसते ती साधारण सहा नंबरची.

तिचा हाताला येणारा अनुभव वेगळा असतो, हे मान्य. पहिली गोष्ट म्हणजे आवाज. मऊ शिसपेन खरखरीत कागदावर फिरावी तसा हलका आवाज आणि तशीच पकड. कुणाला ती खरखर वाटते, कुणाला ‘कागद जाणवतो’ म्हणून आवडते. दुसरं, हलक्या हातालाही पाती उघडतात, त्यामुळे शाई सढळ उतरते. चमकदार, छटा असलेल्या शायांत ते फार छान दिसतं. पण आपल्या साध्या वहीच्या कागदावर हीच सढळ शाई पसरते आणि मागच्या पानावर उमटते. टायटॅनियम घेणाऱ्याने चांगला कागदही धरूनच चालावं.

तिसरी गोष्ट तुमच्यासाठी महत्त्वाची. सोन्याच्या निबेला दाबलं तर ती उघडते आणि सोडल्यावर टुणकन परत येते. बॉकच्या टायटॅनियमची उघडायची तयारी तेवढीच, पण परत येण्यातला जोर कमी जाणवतो. आणि ‘आता पुरे’ हे ती हाताला सांगत नाही. स्टील आधीपासूनच अडतं, सोनं हळूहळू अडतं, ही मात्र शेवटपर्यंत मुकाट वाकते आणि मग एकदम वाकलेलीच राहते. पाती जिभेपासून उचलली जातात, मध्ये फट दिसायला लागते आणि शाई तुटते. (जीभ म्हणजे निबेखालचा शाई पुरवणारा काळा भाग.) अशी निब माझ्याकडे आली की मी आधी हात जोडतो. सोनं बोटांनी समजावून जागेवर बसवता येतं. टायटॅनियम जिथे नेऊन ठेवाल तिथून थोडं मागे येतंच. किती मागे येईल याचा अंदाज घेत घेत, जरा जास्त वाकवून, सोडून, पुन्हा बघून काम करावं लागतं, आणि तरी ती पूर्वीसारखी होईलच असं नाही.

माझ्याकडे येणाऱ्यांत एक निवृत्त गृहस्थ आहेत. नोकरी सगळी बँकेत, कार्बन घालून तीन प्रतींत पावत्या करण्यात गेलेली. अक्षर मोत्याचं, पण पानाच्या मागून ब्रेल वाचता येईल असा दाब. मुलाने परदेशातून टायटॅनियमचं पेन पाठवलं आणि पंधरवड्यात त्याची पाती चिमट्यासारखी फाकली. निब बदलून मी त्यांना साधी स्टीलची एम (मीडियम, म्हणजे मध्यम) बसवून दिली. ते खूश आहेत आणि मुलाला त्यांनी सांगितलेलं नाही.

तुमचा हात किती जड हे तपासायला काही लागत नाही. नेहमीच्या वहीवर, नेहमीच्या वेगाने अर्धं पान लिहा, पान उलटा आणि मागून बोट फिरवा. अक्षरं बोटाला लागली तर टायटॅनियम आणि एफए दोन्ही विसरा. काही लागलं नाही तर तिन्ही धातू तुमच्यासाठी मोकळे आहेत.

मराठी लिहिणाऱ्याने आणखी एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी, आणि निबांविषयीच्या बहुतेक सल्ल्यांत ती नसते, कारण ते सल्ले जोडून लिहिलेल्या इंग्रजी अक्षराला धरून दिलेले असतात. जोडलेल्या इंग्रजीत पेन शब्दभर कागदावरच राहतं. देवनागरीत आपण सतत पेन उचलतो: अक्षर, काना, मात्रा, अनुस्वार, मग वरून शिरोरेघ. म्हणजे एका ओळीत कितीतरी वेळा निबेला नव्याने सुरुवात करावी लागते. त्यामुळे आपल्याला लवचीकपणापेक्षा ‘टेकवल्याबरोबर शाई’ हा गुण जास्त हवा. कोरडी सुरुवात करणारी निब इंग्रजी लिहिणाऱ्याला शब्दाला एकदा त्रास देते; आपल्याला प्रत्येक अक्षराला.

शिवाय लवणाऱ्या निबेचा स्वभाव असा की खाली ओढताना ती उघडते आणि वर किंवा बाजूला ढकलताना अडखळते. आपला काना खाली येतो तेव्हा तो जाड होणार, शिरोरेघ बारीक राहणार. काहींना ते देखणं वाटतं. पण ‘ष्ट्र’, ‘क्ष्म’, ‘द्ध’ ही जोडाक्षरं छोट्या आकारात लिहून बघा. मऊ एम निबेत त्यांची पोटं भरून जातात. रोजच्या मराठी लिखाणाला मी एफच सुचवतो. अक्षर लहान असेल तर जपानी एफ, ती युरोपीय एफपेक्षा बारीक असते. मोठं आणि मोकळं असेल तर युरोपीय एफ किंवा जपानी एम. धातूपेक्षा या निवडीने पान जास्त बदलतं. दुकानात निब चालवून बघताना सगळे सही करतात. सही करू नका, सहीत हात सैल असतो. आपला पत्ता लिहा, आणि त्यातली शिरोरेघ नेहमी देता तशी एका दमात द्या. रेघेची सुरुवात कोरडी गेली का ते बघा.

ती कोरडी सुरुवात होते कशाने हे तुमच्या सफारीच्या निमित्ताने सांगतो. दहापट मोठं दाखवणारं भिंग घ्या, घड्याळजी वापरतात तसलं. निब उजेडाकडे धरा आणि टोकाकडून समोरून बघा. तीन गोष्टी दिसतील. एक, दोन्ही पाती एका उंचीला आहेत की एक वर चढली आहे. वर चढली असेल तर एका दिशेला खरखर येते. चढलेली पात नखाने अलगद खाली दाबून सोडायची, पुन्हा बघायचं. दोन, चिरेतून उजेडाची रेघ दिसते का. निबेच्या मधल्या भोकापासून टोकाकडे ती बारीक होत जायला हवी. कुठेच उजेड दिसत नसेल तर पाती घट्ट मिटली आहेत आणि शाईला वाट नाही. पातळ पितळी पट्टी चिरेतून हळूच फिरवली की मोकळी होते. तीन, आणि कोरड्या सुरुवातीत बहुधा हीच भानगड असते, दाण्याच्या आतल्या कडा गरजेपेक्षा जास्त गोल केलेल्या असतात. दोन्ही अर्ध्यांच्या मधोमध कागदाच्या बाजूला एक खळगा राहतो, शाई त्या खळग्यात थांबते आणि कागदाला टेकत नाही. जरा दाबलं की टेकते. म्हणून असं पेन वापरणाऱ्याचा हात हळूहळू जड होत जातो. तुमच्या जड हाताचं मूळ तिथेही असू शकतं.

यावर इलाज म्हणजे अतिबारीक घासकागदावर दोन-चार हलके फेरे, प्रत्येक फेऱ्यानंतर भिंगातून बघणं. स्वतः करायची भीती वाटत असेल तर करू नका. सफारीची निब बदलणं त्याहून सोपं. निबेच्या पाठीवर सेलोटेपचा तुकडा घट्ट चिकटवा आणि सरळ पुढे ओढा, ती निघून येते. नवी निब त्याच खाचेत सरकवा. लॅमीची १४ कॅरटची निबही त्याच सफारीवर बसते. म्हणजे सोन्याचा अनुभव घ्यायला नवं पेन घ्यायलाच हवं असं नाही.

देशी एबोनाइट पेनाचं थोडं निराळं आहे. त्यात निब आणि जीभ दोन्ही नुसत्या दाबून बसवलेल्या असतात, आणि त्यात बहुधा ३५ किंवा ४० मिमीची निब असते. जीभ एबोनाइटची असेल तर उकळून खाली उतरवलेल्या पाण्यात अर्धं मिनिट धरून निबेला बोटाने टेकवली की तिचा आकार निबेला बिलगतो आणि शाईची धार सुधारते. प्लास्टिकच्या जिभेला हा प्रयोग करू नका. ३५ मिमीच्या पेनांत कानपूरची स्टीलची निबसुद्धा बसते आणि सहा नंबरची जर्मन निबही. ऑर्डर करताना एवढं मात्र विचारा की निब नुसती हवी की चुडीच्या (स्क्रूसारख्या आट्यांच्या) कोशासकट. बॉक आणि जोवो या दोन जर्मन निब कंपन्यांच्या चुड्या एकमेकींत बसत नाहीत.

मग पंधरा-वीस हजार कशाला घालायचे? तुम्हाला सोनं हवंसं वाटत असेल तर घ्या, मी अडवणार नाही. सोन्याच्या निबेचे दोन फायदे खरे आहेत. लोखंडी क्षाराच्या पक्क्या निळ्या-काळ्या शायांचं तिला काही होत नाही, आणि बिघडली तर जुळवणं सोपं जातं. तिसरा फायदा निबेचा नव्हे, पेनाचा: सोन्याच्या निबेची पेनं कंपनीने निगुतीने बनवलेली असतात, टोपण नीट बंद होतं आणि महिनाभर पडून राहिलं तरी शाई वाळत नाही. प्लॅटिनमच्या ३७७६ची त्यासाठी ख्याती आहे. पायलट कस्टम ७४ही या रकमेच्या आसपास येतं. तुमच्या हाताला दोन्हींत साधी एफ, ‘सॉफ्ट’ नको. एवढं लक्षात असू द्या की निबेचं वजन धरून चाला अर्धा ग्रॅम, तर १४ कॅरटच्या हिशेबाने त्यात सोनं भरतं जेमतेम ०.३ ग्रॅम. आजचा भाव तुम्हीच लावा. उरलेले पैसे कारागिरीचे आणि नावाचे आहेत.

स्टीलमध्येच राहायचं ठरवलंत तर एका चांगल्या पेनाचे आणि ते एखाद्या जाणकाराकडून जुळवून घेण्याचे पैसे जाऊन वर चांगल्या शाईच्या दोन बाटल्या आणि बाँड कागदाची थप्पी येते. मला विचाराल तर मी हेच करीन. पेलिकनचा एम-२०० असेल तर आणखी एक सोय आहे: त्याची स्टीलची निब चुडीवर फिरवून काढता येते आणि त्याच जागी एम-४००ची १४ कॅरटची बसते. आज स्टील घ्या, वर्षाने वाटलं तर सोनं बसवा.

जुनं पेन घ्यायला गेलात तर निबेवरचा शिक्का वाचा. ‘१४के’, ‘५८५’, ‘१८के’, ‘७५०’ म्हणजे सोनं. त्याच आकड्यापुढे ‘जीपी’ असेल तर तो मुलामा आहे, ‘जीएफ’ असेल तर वरून चढवलेला सोन्याचा पत्रा, आत दुसराच धातू. पिवळा रंग काहीच सांगत नाही. मुलामा चढवलेल्या निबेत चिरेच्या कडेला आणि भोकाभोवती भिंगातून बघा. सोनं उडून करडा धातू दिसायला लागलेला असतो. ती निब वाईट असं नव्हे, फक्त तिचे सोन्याच्या निबेइतके पैसे देऊ नका.

शेवटी तुम्ही विचारलं होतं की टायटॅनियमच्या निळ्या-जांभळ्या निबा दिसतात, तो रंग टिकतो का. तो रंग लावलेला नसतो. विजेचा दाब देऊन टायटॅनियमच्या पृष्ठभागावर त्याच्याच ऑक्साइडचा पातळ थर वाढवतात, आणि थर जेवढा जाड त्याप्रमाणे निळा, जांभळा किंवा सोनेरी दिसतो. शाईने तो जात नाही, धुतल्याने जात नाही. घासल्याने मात्र जातो, त्यामुळे अशा निबेचं टोक जुळवायला द्याल तेव्हा पातींच्या कडेचा रंग थोडा गेलेला परत मिळेल हे गृहीत धरा, आणि कारागिरालाही ते आधीच सांगून ठेवा.